बाळासाठी स्लिंग की कॅरिअर: आधी बांधणी तपासावी, मग प्रकार ठरवावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे बाळ सात आठवड्यांचे आणि साडेचार किलो वजनाचे आहे. बाळंतपण सिझेरियनने झाले आहे. तुम्ही बकलचा कॅरिअर, म्हणजे कंबरपट्टा आणि खांद्याचे पट्टे बकलने लावून बाळ अंगाशी बांधण्याचा तयार प्रकार, घेतला आहे, परंतु तो घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तुमचे खांदे आणि कंबर भरून येते, बाळ पाय ताठ करून रडू लागते आणि झोपले तर त्याची मान एका बाजूला कलंडते. तोच कॅरिअर तुमच्या पतींनाही वापरायचा आहे आणि ते तुमच्यापेक्षा बरेच उंच आहेत. अशा वेळी लांब कापडाची स्लिंग (अंगाभोवती गुंडाळून बाळ आत बसवायचे कापड) घ्यावी, रिंग स्लिंग (दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचे कापड) घ्यावी, की अधिक जाड गादीचा दुसरा कॅरिअर घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतर मातांची पाठ, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पूर्ववत व्हावेत यासाठी मी काम करते, आणि बाळ अंगाशी कसे बांधावे हे शिकवणे हा त्याच कामाचा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुम्ही प्रकार कोणता घ्यावा असे विचारले असले, तरी जी लक्षणे लिहिली आहेत ती प्रकारापेक्षा बांधणीकडे बोट दाखवतात. तुमचे खांदे दुखणे आणि बाळाचे रडणे या दोन वेगळ्या तक्रारी नसून बहुधा एकाच कारणाचे परिणाम आहेत: बाळ फार खाली आणि फार सैल बांधले जात आहे, आणि कॅरिअरची बैठक, म्हणजे बाळाच्या कुल्ल्या-मांड्यांखालचा भाग, त्याच्या मापाला मोठी पडते आहे. तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेले नसल्यामुळे मी ‘बहुधा’ म्हणते. पण पुढे दिलेल्या तपासण्या तुम्ही आरशासमोर करून पाहिल्यात तर हे खरे आहे की नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल.

आधी तुमच्या दुखण्याचे पाहू. वजन किती जड वाटते हे केवळ किलोंवर ठरत नाही, ते शरीरापासून किती अंतरावर आहे यावरही ठरते. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरणे आणि तीच हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच फरक छातीशी घट्ट लागलेल्या आणि पोटापुढे लोंबणाऱ्या बाळात आहे. बाळ नाभीच्या पातळीला लोंबत असेल आणि त्याच्या छातीत व तुमच्या छातीत चार बोटांचे अंतर पडत असेल, तर ते प्रत्येक पावलागणिक पुढे झुलते. त्याला मागे धरून ठेवण्याचे काम मानेपासून खांद्यापर्यंत जाणारे स्नायू अखंड करत राहतात. शिवाय तोल सावरण्यासाठी आपण नकळत पोट पुढे काढून मागे रेलतो, आणि नुकत्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या पोटाच्या स्नायूंना कंबर सांभाळता येत नसल्यामुळे तो सारा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो. जाड गादीमुळे पट्टा खांद्यात रुतणे कमी होते, पण हे अंतर कमी होत नाही. म्हणून केवळ गादी जाड आहे या कारणासाठी नवा कॅरिअर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बाळाची बाजू पाहू, कारण इथे प्रश्न केवळ आरामाचा राहत नाही. या वयाच्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान अजून धरलेली नसते आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. सैल बांधलेले बाळ हळूहळू खाली घसरते, त्याच्या पाठीचा नको तितका बाक होतो आणि हनुवटी छातीला टेकते. अशा स्थितीत श्वासमार्ग दबू शकतो, आणि बाळ धडपडत नाही किंवा आवाजही करत नाही, म्हणून जवळच्या माणसाच्याही ते लक्षात येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये स्लिंगबाबत जाहीर इशारा दिला, तेव्हा त्याच्यासमोर मागील वीस वर्षांतील किमान 14 मृत्यूंची नोंद होती आणि त्यांतील 12 बाळे चार महिन्यांहून लहान होती. हे आकडे घाबरवण्यासाठी सांगत नाही. कोणत्या वयात किती काटेकोर राहायचे हे त्यांवरून कळते, म्हणून सांगते. तुमचे बाळ त्या वयात आहे.

यावरचा उपाय अवघड नाही आणि तो बहुतेक सर्व प्रकारांना सारखाच लागू पडतो. बाळ उभे, तुमच्या छातीशी छाती लावून असावे. मान थोडी खाली केली की त्याच्या टाळूवर ओठ टेकतील इतके ते उंच असावे. त्याचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे. कापड, ओढणी किंवा तुमचे स्वतःचे कपडे त्याच्या नाकातोंडावर येता कामा नयेत. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची किमान दोन बोटे आडवी मावली पाहिजेत. पाठीला सर्व बाजूंनी आधार हवा, आणि तो आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी: बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबा. दाबल्यावर बाळ सरळ होऊन तुमच्या अंगाला आणखी चिकटत असेल, तर बांधणी सैल आहे. दुसरी तपासणी तुमच्या पाठीसाठी आहे. बाळाच्या डोक्यामागे हात धरून कमरेतून किंचित पुढे वाका. बाळ तुमच्या छातीपासून सुटून पुढे झुकले, तर तेच अंतर तुमचे खांदे दिवसभर भरून काढत आहेत. तुमच्याकडे ज्या तक्रारी आहेत त्या पाहता या दोन्ही तपासण्यांत तुमची बांधणी सैल निघेल असा माझा अंदाज आहे.

पाय ताठ करून रडण्याचा संबंध मात्र बैठकीच्या रुंदीशी अधिक असावा. जन्माच्या वेळी खुब्याच्या सांध्याची खोबण बरीचशी कूर्चेची असते, आणि मांडीच्या हाडाचे गोल टोक त्या खोबणीत नीट बसून राहिले तर ती योग्य आकारात घडत जाते. यासाठी बाळाच्या मांड्या वर दुमडलेल्या आणि माफक फाकलेल्या असाव्यात, गुडघे कुल्ल्यांच्या किंचित वर असावेत आणि एका गुडघ्यामागच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत खालून आधार असावा. बाळाला आपण कडेवर घेतो तेव्हा त्याचे पाय आपोआप असेच होतात. ज्या बाळांच्या खुब्यांची वाढ अपुरी असते त्यांना डॉक्टर जो पाव्हलिक पट्टा लावतात, तोही पाय जवळपास याच स्थितीत धरून ठेवतो. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेझिया इन्स्टिट्यूट ही संस्था पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आपल्याकडे तोंड करून आणि मांड्यांना आधार देऊनच घ्यावे असे सुचवते, ते याच कारणाने.

ही माहिती आता बऱ्याच पालकांपर्यंत पोहोचली आहे ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु तिच्यातून एक गैरसमजही आला आहे, तो म्हणजे बैठक जितकी रुंद तितकी बाळासाठी चांगली. तसे नाही. आधार गुडघ्याच्या खळगीपर्यंत हवा, तिच्यापुढे नको. कॅरिअरची बैठक गुडघ्यांच्या पुढे जात असेल तर बाळाच्या पोटऱ्या सरळ बाहेर ताणल्या जातात, त्याला गुडघे दुमडता येत नाहीत आणि कापडाची कड खळगीत रुतते. मग बाळ पाय ताठ करते, पाठ मागे फेकते आणि रडते, आणि आपल्याला वाटते की त्याला कॅरिअर आवडत नाही. उलट बैठक फार अरुंद असली तर पाय सरळ खाली लोंबतात आणि सारा भार जांघेवर येतो. बहुतेक बकल कॅरिअरवर किमान वजन 3.2 किंवा 3.5 किलो असे छापलेले असते आणि तुमचे बाळ त्या मर्यादेत नक्कीच बसते. परंतु ती मर्यादा पट्टे, शिवण आणि पायांसाठीच्या जागेतून बाळ निसटू नये यांचा विचार करून ठरलेली असते. त्या कॅरिअरचा आकार तुमच्या बाळाच्या मांडीच्या लांबीला जुळतो असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून तुमच्या कॅरिअरमध्ये बैठक अरुंद करण्याची सोय आहे का हे प्रथम पाहा. अनेक कॅरिअरमध्ये त्यासाठी वेल्क्रो, नाडी किंवा बटणे असतात आणि घाईत ती तशीच राहून जातात. त्याचप्रमाणे पाठीमागचे कापड बाळाच्या मानेच्या वर, साधारण कानाच्या पाळीपर्यंत यावे. ते खांद्यांपर्यंतच येत असेल तर झोपलेल्या बाळाचे डोके एका बाजूला कलंडणारच, आणि तेच कापड डोक्याच्याही वर जात असेल तर बाळ आत बुडते.

आता आहे तोच कॅरिअर पुन्हा बांधून पाहा. शक्यतो बाळाचे पोट भरल्यानंतर थोड्या वेळाने, ते झोपेला आलेले नसताना आणि तुम्हालाही घाई नसताना हे करावे. पहिले काही प्रयत्न पलंगाशेजारी उभे राहून केले तर हात अधिक निर्धास्तपणे चालतात. कंबरपट्टा ओटीपोटावर किंवा खुब्यांवर न लावता कमरेच्या वर, बरगड्यांच्या खाली लावा आणि तो आडवा, समतल ठेवा. या वयाचे बाळ उंचीने लहान असते. पट्टा खाली लावला की बाळही खालीच राहणार आणि टाळूला ओठ टेकणार नाहीत. टाक्यांवर दाब न येणे हा तुमच्या बाबतीत त्याचा आणखी एक फायदा. बाळाला छातीशी धरून त्याचे कुल्ले कापडाच्या तळाशी खोल बसवा, मग दोन्ही मांड्यांखाली हात घालून त्याची बैठक हलकेच तुमच्याकडे आणि वर वळवा, म्हणजे गुडघे वर येतील आणि पाठ नैसर्गिकपणे किंचित गोल होईल. लहान बाळाची पाठ अशी गोल असणेच योग्य आहे. मानेचा बाक मान धरताना आणि कमरेचा बाक बसू-चालू लागताना तयार होतो, त्यामुळे त्याला काठीसारखे सरळ बांधण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतरच खांद्याचे पट्टे घ्या, आणि ते ओढताना एका हाताने बाळाची पाठ स्वतःकडे दाबून धरा. केवळ पट्टा ओढला तर बाळ आणि तुमची छाती यांच्यामधली पोकळी तशीच राहते. पाठ दाबून मग पट्टा ओढला तर ती निघून जाते. खांद्याचे दोन्ही पट्टे तुमच्या पाठीवर जोडणारा जोडपट्टा मानेजवळ न ठेवता खांद्यांच्या पात्यांच्या मध्यावर आणा. तो वर राहिला तर मान दुखते. तुमच्या कॅरिअरचे पट्टे पाठीवर फुलीसारखे तिरके घेता येत असतील तर तसे करून पाहा, कारण अरुंद खांद्यांच्या स्त्रियांना ती रचना बहुतेक वेळा अधिक सोसते.

बांधून झाले की उभे राहून वाट पाहू नका, लगेच चालू लागा. बाळ बांधले जात असताना थोडे कुरकुरते हे स्वाभाविक आहे, आणि चालण्याने ते शांत होते यामागे शास्त्रीय कारण आहे. सहा महिन्यांखालील बाळांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आई बाळाला घेऊन चालू लागताच बाळाचे रडणे व हातपाय हलवणे थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात असे आढळले, आणि नुसते मांडीवर घेऊन बसल्याने तितका परिणाम दिसला नाही. त्याआधी 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बाळ रडत नसतानाही त्याला दिवसभरात अधिक वेळ घेतलेल्या कुटुंबांतील बाळे सहाव्या आठवड्यात एकूण 43 टक्के कमी रडली, आणि संध्याकाळच्या वेळचा फरक याहून मोठा होता. मात्र पोटशूळाने रडणाऱ्या बाळांवर 1991 मध्ये असाच प्रयोग केला गेला, तेव्हा तसा फायदा दिसून आला नाही. म्हणून बाळ कॅरिअरमध्येही आणि बाहेरही त्याच वेळी, त्याच रीतीने रडत असेल, तर दोष कॅरिअरचा नाही हे लक्षात ठेवा. ते भुकेले असेल, उकडत असेल, डायपर ओला असेल, पोट दुखत असेल. या गोष्टी आधी पाहाव्यात.

एवढे सारे करूनही बैठक अरुंद होत नसेल किंवा बाळ पुरेसे वर येत नसेल, तर तो कॅरिअर तूर्त बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, कारण तीन-चार महिन्यांनी मांड्या लांब झाल्या की तोच व्यवस्थित बसण्याची शक्यता आहे. मधल्या काळासाठी काय घ्यावे हा आता खरोखर तुमचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तुम्ही बाळाला कोण, किती वेळ आणि कशासाठी घेणार यावर अवलंबून आहे.

घरातल्या घरात, रोज दोन-तीन वेळा आणि प्रत्येक वेळी तासाभरापर्यंत घेणार असाल, तर तुमच्यासाठी मी ताणले जाणारे लांब कापड सुचवीन. हे साधारण पाच मीटर लांबीचे, होजिअरीच्या जातीचे कापड असते. ते आधी स्वतःच्या अंगावर बांधून ठेवायचे आणि मग बाळ त्यात बसवायचे, त्यामुळे नवशिक्याच्या हातांना ते लवकर जमते. त्यात ओटीपोटावर दाबणारा जाड पट्टा नसतो, दोन्ही खांद्यांवर आणि पाठभर कापड पसरल्यामुळे भार वाटला जातो, आणि बैठकीची रुंदी बाळाच्या मापाने आपोआप ठरते. दोन अटी मात्र कसोशीने पाळाव्यात. हे कापड ताणते, म्हणून ते बाळाविना जितके घट्ट योग्य वाटेल त्याहून अधिक घट्ट बांधावे लागते. आणि याच कारणाने ते पाठुंगळी घेण्यासाठी कधीही वापरू नये. बाळ आठ-नऊ किलोंचे झाले की ते लोंबू लागते, म्हणजे हा सोबती काही महिन्यांचाच आहे हे धरून चाला.

न ताणणारे विणीचे लांब कापड याहून टिकाऊ आणि सर्वांत जुळवून घेणारे असते. मध्यम बांध्याच्या व्यक्तीला साधारण 4.6 मीटर लांबी पुरते, आणि तेच कापड नवजात बाळापासून चालत्या मुलापर्यंत वापरता येते. पण ते पट्टी-पट्टीने आवळत बांधावे लागते आणि हात बसायला वेळ लागतो. ज्यांना शिकण्याची आवड आणि थोडी सवड आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. रात्री झोप अपुरी होत असताना नवी कला शिकण्याचा ताण नको असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही.

रिंग स्लिंग लहान, सुटसुटीत आणि पटकन घालण्याजोगी असते. बाळाला झोपवायला किंवा दहा-वीस मिनिटे कडेवर घ्यायला ती फार सोयीची. परंतु सारा भार एकाच खांद्यावर येतो, आणि तुमचे खांदे आधीच दुखत असताना तिला मुख्य साधन करू नये असे मला वाटते. घ्यायचीच झाली तर कड्या सांधा नसलेल्या, बाळ वाहण्यासाठीच बनवलेल्या आहेत याची खात्री करा, आणि खांदा दर वेळी बदला.

एक प्रकार मात्र मी कोणालाच सुचवत नाही: खोलगट पिशवीसारखी, तळाला गोल आणि वर चुणीची दोरी किंवा इलॅस्टिक असलेली स्लिंग, जिच्यात बाळ आडवे आणि आत बुडालेले राहते. बाळाचा चेहरा दिसत नाही, हनुवटी छातीवर येते आणि ते तुमच्या कमरेजवळ लोंबते. वर सांगितलेली प्रत्येक अट तिथे एकदम मोडते. आईच्या कुशीत झोपल्यासारखे ते दिसत असल्यामुळे पालकांना ती आवडते, म्हणून हे आवर्जून लिहिते.

पतींसाठी नवा कॅरिअर घेण्याची गरज बहुधा पडणार नाही. उंचीपेक्षा छातीचा घेर आणि पट्ट्यांची लांबी महत्त्वाची असते. पट्टे त्यांच्या अंगावर पुरत असतील आणि तुमच्या अंगावर शेवटपर्यंत आवळता येत असतील, तर एकाच कॅरिअरवर दोघांचे भागेल. फक्त त्यांनी वापरल्यावर तुम्ही तो तसाच घालू नका. पट्टे तुमच्यासाठी पुन्हा पूर्ण आवळा. एकाच कॅरिअरवर दोघे जण असले की सैल बांधणीचे हे सर्वांत नेहमीचे कारण असते. पट्ट्यावर दोन रंगांच्या धाग्याने दोघांच्या खुणा केल्या तर काम सोपे होते. ताणाचे कापड घेतले तर त्याची लांबी त्यांच्या अंगावर पुरते का ते आधी पाहा.

तुमच्या स्वतःच्या शरीराबद्दल थोडे. सिझेरियननंतर किती दिवसांनी बाळ बांधावे याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही; टाके कसे भरले आहेत आणि तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितले आहे यावर ते ठरते. मी साधारणपणे दहा-पंधरा मिनिटांनी सुरुवात करायला आणि दुखले नाही तर हळूहळू वेळ वाढवायला सांगते. बाळ बांधलेले असताना टाक्यांजवळ ओढ, ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखे जडपण, किंवा लघवी निसटणे असे काही जाणवले, तर ते सोसत राहू नका. बाळ खाली उतरवा, विश्रांती घ्या आणि तपासून घ्या. ही लक्षणे बाळंतपणानंतर अनेकींना असतात आणि उपचाराने सुधारतात. ती आईपणाचा भाग म्हणून गिळून टाकण्याची मुळीच गरज नाही.

काही नियम थोडक्यात. वाकायचे असेल तर कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाका आणि एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवा. गॅसपाशी, गरम पेयाबरोबर, सायकलवर, दुचाकीवर किंवा मोटारीत बाळ बांधलेले नसावे. मोटारीत त्याची जागा कार सीटमध्येच. कॅरिअरचा प्रत्येक थर हा कपड्याचाच एक थर समजा आणि त्या मानाने बाळाला आतून कमी कपडे घाला. त्याच्या मानेमागे हात लावून ऊब तपासा, हातापायांवरून ती कळत नाही. बाळाला बांधलेल्या स्थितीत पाजायचे असेल तर पट्टे सैल करून त्याला खाली घ्यावे लागते, पण पिऊन झाल्यावर पुन्हा वर घेऊन आवळणे विसरू नका, कारण पोट भरून झोपलेले आणि खाली सैल राहिलेले बाळ हीच सर्वांत जोखमीची अवस्था असते. बाळ अंगावर झोपले तर चालते, परंतु तुमचे लक्ष त्याच्यावर हवे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था स्लिंग व कॅरिअर हे नेहमीच्या झोपेचे ठिकाण करू नये, विशेषतः चार महिन्यांखालील बाळासाठी, असे सांगते. म्हणून शक्य होताच त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपवा, आणि तुम्हाला स्वतःला झोप येत असेल तर त्याला बांधलेले ठेवून पडू नका.

बाहेरच्या दिशेला तोंड करून घेण्याची घाई करू नका. मान पक्की धरल्यावर, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, जागे असताना आणि थोडाच वेळ ते चालू शकते. झोप येऊ लागली की पुन्हा आत वळवावे. पाठुंगळी घेणे बाळ आधाराशिवाय बसू लागल्यानंतर.

कोणतेही साधन वापरलेले, दुसऱ्याकडून मिळालेले असले तरी हरकत नाही, मात्र प्रत्येक शिवण ओढून पाहा, बकल लावताना टक असा आवाज येतो का आणि ओढल्यावर निसटते का ते तपासा, कापड उजेडाकडे धरून कुठे विरले आहे का ते बघा, आणि सूचनापुस्तिका व वजनाची मर्यादा सांगणारी पट्टी जागेवर आहे याची खात्री करा. नव्या कॅरिअरवर युरोपातील ईएन 13209-2 किंवा अमेरिकेतील एएसटीएम एफ 2236 या मानकाचा उल्लेख असेल, तर त्याची किमान चाचणी झालेली आहे एवढे समजावे; बांधणी बरोबर आहे की नाही हे मानक सांगू शकत नाही.

शेवटी तुमच्या प्रश्नातील एका वाक्याकडे पुन्हा लक्ष वेधते, कारण ते मला साधनापलीकडचे वाटले. बाळाची मान एका बाजूला कलंडते असे तुम्ही लिहिले आहे. कॅरिअरमध्ये ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जात असेल, तर कापड मानेपर्यंत पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. पण ती नेहमी एकाच बाजूला जात असेल, अंथरुणावरही बाळ त्याच बाजूला तोंड करून झोपत असेल, पिताना एका बाजूला नाखूश असेल किंवा डोके एका बाजूने चपटे दिसू लागले असेल, तर मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. तसेच डायपर बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल, किंवा बाळ पोटात पायाळू होते किंवा कुटुंबात कोणाला लहानपणी खुब्याचा त्रास होता असे असेल, तर खुब्यांची तपासणी करून घ्या. पायाळू बाळांसाठी त्यांची सोनोग्राफी सुचवली जाते. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर कोणतीही स्लिंग वापरण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मान आणि खुबे या दोन्ही गोष्टी या वयात लक्षात आल्या तर उपचार सोपे असतात, म्हणून पुढच्या लसीकरणाच्या भेटीपर्यंत न थांबता या आठवड्यातच बाळाला दाखवून घ्यावे, आणि जाताना कॅरिअरही बरोबर न्यावा.